हीटर प्लग सारखे जळतायत? जळका प्लग आधी फेकू नका

जळकी मोटार टेम्पोतून उतरवली की शेतकरी पहिलं विचारतो, "भाऊ, कितीला पडेल?" आणि मी पहिलं विचारतो, "जळली कशानं?" बहुतेकांना ते माहीत नसतं, पण स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा वाइंडिंगचा भाग, उघडला की उत्तर समोरच असतं. दोन फेजची कॉइलं कोळसा आणि तिसरी नव्यासारखी, म्हणजे एक फेज गेली होती आणि मोटार उरलेल्या दोनवर कण्हत राहिली. तिन्ही सारख्या काळ्या, म्हणजे ओव्हरलोड नाहीतर व्होल्टेजची भानगड. एकाच जागी भाजल्याचा डाग आणि बाकी वाइंडिंग धडधाकट, म्हणजे त्या जागेचंच काहीतरी बिघडलंय. पिंपळगाव बसवंतला पंचवीस वर्षं मी हेच, जळक्या मोटारी दुरुस्त करायचं काम करतोय.

तरीही स्वतःच्या डिझेल गाडीचे पहिले चार हीटर प्लग, म्हणजे थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून आत बसवलेल्या तापणाऱ्या दांड्या, जळाले तेव्हा मी ते न बघता भंगाराच्या पाटीत टाकले. पुढच्या सगळ्या खर्चाचं मूळ तिथे आहे.

गाडी २००५ ची इंडिका व्ही-टू, १४०५ सीसीचं जुन्या पद्धतीचं आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, दुसऱ्याने वापरलेली घेतली. आमच्या निफाड तालुक्यात जानेवारीत पारा पाच-सहावर उतरतो. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, वेलींना थंडी बाधू नये म्हणून पाणी सोडतात. नेमकी तेव्हाच कुणाची तरी मोटार बसते आणि साडेपाचला माझा फोन वाजतो. त्या वेळी गाडी सुरू झालीच पाहिजे. दोन हिवाळ्यांत तिने माझे दहा प्लग खाल्ले. ओळखीचा फिटर म्हणाला, "जुन्या डिझेलला प्लग खायची सवयच असते." सवय माणसाला असते, इंजिनाला नसते. प्लग जळतोय म्हणजे त्याला कुणीतरी जाळतंय.

मी गाड्यांचा फिटर नाही, विजेचा माणूस आहे. म्हणून खाली लिहिलंय ते विजेच्या बाजूने जास्त आहे. जिथे इंजिन उघडायची वेळ आली तिथे मी हात वर केले आणि जाणत्याकडे गेलो, तुम्हीही तसंच करा. आणखी एक. हे सगळं जुन्या, साध्या डिझेल गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, बऱ्याच नव्या गाड्यांत पाच-सात व्होल्टचे प्लग असतात आणि कंट्रोलर त्यांना तुकड्यातुकड्याने वीज देतो. त्यांना थेट बारा व्होल्ट लावून "टेस्ट" केलंत तर तुमच्या हातातच त्यांचा निकाल लागेल.

हा प्लग करतो तरी काय

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा वीस-बावीस पट दाबली जाते, तापते आणि त्यात डिझेल पेटतं. पण आयडीआय इंजिनात डिझेल हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, एका छोट्या खोलीत फवारलं जातं, आणि पहाटे त्या खोलीच्या थंडगार भिंती सगळी ऊब शोषून घेतात. म्हणून तिथे एक दांडी घुसवलेली असते. तिच्या आत कॉइल, भोवती इन्सुलेशनची पूड आणि वर धातूचं नळकांडं. आमच्या शेगडीच्या किंवा गिझरच्या एलिमेंटचाच हा धाकटा भाऊ. काही सेकंदांत तो लालभडक होतो, आठ-नऊशे अंशांपर्यंत जातो, इंजिन धरतं आणि त्याचं काम जवळजवळ संपतं. पुढे दिवसभर तो ज्वाळेत नुसता उभा असतो. दिवसातून दहा-पंधरा सेकंदांची ड्यूटी असलेली वस्तू महिन्यात जळते, हेच मुळात संशयास्पद आहे.

विजेचा हिशेब सांगतो, कारण पुढे तोच कामाला येणार आहे. माझ्या गाडीचा एक प्लग सुरुवातीला वीसेक अँपिअर ओढतो आणि तापला की अकरा-बारावर स्थिरावतो. चार मिळून सुरुवातीला ऐंशीच्या आसपास, नंतर पंचेचाळीस-पन्नास. म्हणजे पाऊण एचपीची मोटार बॅटरीवर चालवल्यासारखं झालं. हे मोजायला मी दुकानातला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून अँपिअर मोजायचा मीटर, लावला आणि त्याने शून्य दाखवलं! दहा मिनिटं मी वायर तुटली म्हणून शोधत होतो. मग भाच्याने हळूच विचारलं, "मामा, हा एसीचा ना?" बॅटरीची वीज डीसी, साधा टाँग टेस्टर ती बघतच नाही. डीसी मोजणारा टेस्टर वेगळा मिळतो, तो घ्या. पोरासमोर माझी झाली तशी तुमची होऊ देऊ नका.

आधी प्लगच गेलाय का ते बघा

दुखतं बॅटरीला आणि बदली होते प्लगची, असंही फार होतं. स्टार्टर मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या बघा. इंजिन जोमात फिरतंय पण पेटत नाही आणि मागून पांढरा धूर निघतोय, असं असेल तर प्लगकडे वळा.

चारही प्लगच्या डोक्यांना जोडणारी पट्टी सोडवा. ती न सोडवता मोजलंत तर चारही प्लग मिळून एकच आकडा दिसेल आणि तीन मेलेले असले तरी चौथा त्यांना झाकून घेईल. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला आणि एक इंजिनाच्या स्वच्छ धातूला. त्याआधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय दिसतं ते बघा. स्वस्त मीटर तिथेच ०.३-०.४ दाखवतो, तेवढं वजा करायचं. चांगला थंड प्लग एक ओहमच्या आतच असतो. माझे चांगले प्लग ०.५ ते ०.७ दाखवतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. दोन-तीन ओहम दाखवत असेल तर तो अर्धमेला आहे, आज ना उद्या जाणार.

काढताना घाई केलीत तर हेडच उतरवावं लागेल

आदल्या रात्री प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडा. सकाळी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच काढा, हातमोजे घालून. त्याआधी हवेने भोवतीची माती उडवा, नाहीतर ती भोकातून आत जाते. डीप सॉकेट सरळ बसवायचा, तिरका नाही. पाव आटा सैल झाला की परत थोडा आवळायचा, पुन्हा सैल करायचा, असं झुलवत झुलवत काढायचं. १२ मिलिमीटर आट्याच्या प्लगला ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लागतोय असं दिसलं की थांबा. टॉर्क पाना नसेल तर दुसऱ्याकडून मागून आणा. प्लग आत तुटला की पुढचं काम लेथवाल्याचं असतं आणि तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती मी विसरलेलो नाही. माझा नाही हो, शेजारच्याचा तुटला होता, मी फक्त हेड उचलायला गेलो होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक प्लग निघाला की त्यावर मार्करने सिलिंडरचा नंबर लिहा. मी टायमिंग बेल्टच्या बाजूने एक, दोन, तीन, चार असं मोजतो. तुम्ही कुठूनही मोजा, पण नेहमी तिथूनच. तारीख आणि किलोमीटर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्लगला गुंडाळा. माझ्याकडे वार्निशचा रिकामा डबा आहे, त्यात सहा प्लग अजून ठेवलेत. पहिल्या चारांची चिठ्ठी नाही, कारण ते भंगारात गेले.

जळका प्लग वाचायचा कसा

चारही शेजारी शेजारी ओळीत मांडा आणि उजेडात बघा. मोटारीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं. चारही एकसारखे बिघडलेत, तर दोष चौघांना मिळणाऱ्या विजेत. एकच बिघडलाय आणि दर वेळी त्याच नंबरचा, तर दोष त्या सिलिंडरात.

खुणाही वेगळ्या असतात. विजेने मारलेल्या प्लगची दांडी फुगते, तिला सुरकुत्या पडतात, पोचे येतात, पण टोक जागेवर असतं. आतून भाजलेल्या शेंगेसारखी ती दिसते. आगीने मारलेल्या प्लगचं टोकच वितळतं, खाल्लं जातं, कधी तुटून पडतं, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूने. म्हणजे एकाला आतल्या कॉइलने जाळलं आणि दुसऱ्याला बाहेरच्या डिझेलच्या झोताने. टोक तुटून आत पडलं असेल तर गाडी सुरू करू नका, तो तुकडा कुठे गेला ते आधी शोधायला हवं. तिसरी खूण डोक्याकडे असते. षटकोन मुरगळलेला किंवा वरचा स्क्रू सैल फिरतोय, म्हणजे बसवणाऱ्याने जोर काढला होता.

माझा डबा उघडलात तर दोन्ही गोष्टी दिसतील. चार प्लग सारखेच फुगलेले आणि दोन प्लग तीन नंबरचे, टोक एका बाजूने खाल्लेले. म्हणजे माझ्या गाडीत दोन चोर होते. पहिला सापडला तेव्हा मी निश्चिंत झालो आणि दुसऱ्याला सबंध वर्ष मोकळीक मिळाली.

चारही जळाले असतील तर

माझ्या गाडीत कंपनीचा हीटर टायमर नव्हताच. आधीच्या कुणीतरी तो काढून डॅशबोर्डखाली एक बटण आणि हॉर्नचा ३० अँपिअरचा साधा रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, बसवला होता. बटण दाबायचं, मनात वीस मोजायचे, स्टार्टर मारायचा. असं बटण जुन्या डिझेलमध्ये हवं तितकं बघायला मिळतं. वायर घरगुती फिटिंगची अडीच एमएमची, आणि तिचे जोड नुसते पिळलेले. त्या वायरीत आणि जोडांत मिळून दीड-दोन व्होल्ट पडत होते.

मी विजेचा माणूस ना! मला ती वायर बघवेना. चार नवे प्लग टाकले आणि त्याच दिवशी दहा एमएमची जाड वायर ओढली, लग दाबून बसवले. आठ सेकंदांत गाडी धरायला लागली. बायकोलाही कौतुकाने दाखवलं. रिले मात्र तोच राहू दिला, "चालतोय की" म्हणून.

पाच आठवड्यांत चारही प्लग गेले. झालं असं की वायर जाड झाल्यावर प्लगना पूर्ण वीज मिळायला लागली, आणि ३० अँपिअरच्या रिलेच्या पॉइंटमधून सुरुवातीचे ऐंशी अँपिअर वाहायला लागले. पॉइंट चिकटायला लागले. स्टार्टर सोडला, गाडी सुरू झाली, बटण सोडलं, तरी प्लग चालूच. त्यात इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, चौदा-सव्वाचौदा व्होल्ट देतो. ११ व्होल्टच्या प्लगला १४.२ व्होल्ट मिळाले की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. रेझिस्टन्स तोच धरला तर दीडपटीहून जास्त, आणि तीही अर्धा-पाऊण तास सलग. दुसऱ्याच्या मोटारीवर मी हे लगेच ओळखलं असतं.

तुमच्या गाडीत हे पकडायचं असेल तर माझा उपाय अगदी स्वस्त आहे. इंडिकेटरचा पाच वॅटचा बल्ब घ्या. एक वायर हीटरच्या पट्टीला, मध्ये छोटा फ्यूज घालून, दुसरी अर्थला. बल्ब आत, स्टीअरिंगजवळ, नजरेसमोर चिकटवा. डॅशवरच्या कॉइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो फक्त "थांबा" की "मारा स्टार्टर" एवढंच सांगतो, पट्टीत वीज आहे की नाही ते सांगत नाही. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा.

मला चौथ्या सकाळी सापडलं. गाडी सुरू झाली, बटण सोडलं, बल्ब पेटलेलाच. आग्रा रोडने ओझरच्या पुढे गेलो तरी पेटलेला. मग एका खड्ड्यात चाक आपटलं आणि बल्ब विझला. पॉइंट चिकटले होते, ते हादऱ्याने सुटले. म्हणूनच गॅरेजमध्ये बोनेट उघडून तपासलं की रिले नेहमी शहाण्यासारखा वागायचा.

कंपनीचा टायमर असलेल्या गाडीत सुरू झाल्यावरही बल्ब थोडा वेळ पेटलेला राहू शकतो. काही गाड्या थंडीत धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून प्लगना मुद्दाम थोडा जास्त वेळ वीज देतात, आणि त्यांचे प्लगही ते सोसणारेच असतात. एकदा पूर्ण थंड गाडीवर सेकंद मोजून लिहून ठेवा. दहा मिनिटं चालवून इंजिन तापल्यावरही बल्ब पेटलेला असेल तर टायमर किंवा रिले चिकटलाय. आणि किल्ली काढल्यावर पेटलेला दिसला तर पुढचं वाचत बसू नका, आधी बॅटरीची वायर काढा. तेवढ्या अँपिअरला वायर तापून गाडी पेटू शकते.

मी तो हॉर्नचा रिले फेकला, गाडीच्या नमुन्याचा टायमर-रिले आणून बसवला आणि बॅटरीजवळ ८० अँपिअरचा पट्टी फ्यूज घातला. बटण उपटलं. बल्ब मात्र अजून आहे.

रिले ठीक निघाला तर अल्टरनेटर बघा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ ठीक. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आणि तो फक्त प्लग खात नाही, हेडलाइटचे बल्ब आणि बॅटरीचं पाणीही खातो. बल्ब वारंवार उडत असतील तर हा दुवा जोडून बघा.

आणखी एक कारण आमच्याकडे हंगामात हमखास घडतं. पहाटे बॅटरी बसलेली असते, बाजूला द्राक्षाचा ट्रक उभा असतो, ड्रायव्हर मनाचा मोठा असतो आणि केबल लावून देतो. ट्रकची वीज २४ व्होल्ट. त्यात तुम्ही हीटर चालू केलात की चारही प्लग काही सेकंदांत खलास, आणि गाडीतलं बाकी काय जाईल ते वेगळंच. ट्रॅक्टर किंवा दुसरी कार बोलवा, त्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते.

जाता जाता, स्टार्टिंग स्प्रे. हीटर असलेल्या इंजिनात तो हवेच्या नळीत मारू नका. आत लालभडक दांडी आणि वर ईथर. प्लगचं टोक तर उडतंच, पिस्टनही सुटत नाही.

एकच जळत असेल तर

रिले बदलल्यावर तीन नंबरचा प्लग फेब्रुवारीत गेला. मला वाटलं, नवा होता पण खराब निघाला. बदलला. उन्हाळा-पावसाळा प्लगची कुणाला आठवण असते! डिसेंबरात बघतो तर पुन्हा तीन नंबर. तेव्हा डबा उघडून फेब्रुवारीतला आणि डिसेंबरातला शेजारी ठेवले. दोन्हींची टोकं एकाच बाजूने खाल्लेली, जुळ्यांसारखी. इथे विजेचा संबंध नव्हता, बाकीचे तीन प्लग त्याच पट्टीवर सुखात होते.

अशा वेळी त्या सिलिंडरच्या नोझलवर संशय घ्या. चांगलं नोझल डिझेलची बारीक फवारणी करतं. झिजलेलं, काजळी धरलेलं नोझल धार सोडतं किंवा फवारा संपल्यावरही थेंब थेंब गळत राहतं. ती धार प्लगच्या टोकावर जळते. वेल्डिंगच्या टॉर्चसमोर दांडी धरावी तसं. नोझल नीट नाही याच्या आणखीही खुणा असतात. सुरू होताना एक सिलिंडर अडखळतं, थोडा वेळ पांढरा धूर, मग लोडवर काळा, आणि आवाजात एक टोचरी टकटक.

नोझल मी घरी उघडलं नाही. गाडी नाशिकला द्वारकेजवळच्या एका पंप-नोझलवाल्याकडे नेली आणि चारही काढून टेस्टिंग मशीनवर लावायला सांगितले. एकच नाही, चारही लावा, तुलना करायला तिघं साक्षीदार लागतात. अशा जुन्या आयडीआय इंजिनांची नोझलं साधारण सव्वाशे ते दीडशे बारला उघडतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. माझी तीन एकमेकांच्या जवळपास उघडली आणि कर्रकर्र आवाज करत धुकं सोडत होती. तीन नंबरचं पंचवीस बार आधीच उघडलं आणि टोकाला थेंब लटकला. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना.

नोझल काढलं तेव्हा खाली एक गंमतही सापडली. आधी कधीतरी कुणीतरी जुना वॉशर तसाच चिकटलेला ठेवून त्यावर नवा घातला होता. नोझल तेवढं वर उचललं गेलं आणि फवाऱ्याची जागा चुकली. नोझल बसवताना जुना वॉशर निघालाय का ते हातातल्या टॉर्चच्या उजेडात स्वतः बघा, आणि नवा घालायचाच. जुना परत वापरून वाचवलेले पैसे प्लगच्या दुकानदाराला जातात.

नोझल निर्दोष निघालं तर पुढे इंजिनाकडे जायचं. टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर पंपाचं टायमिंग पुढे गेलेलं असू शकतं. डिझेल लवकर पेटतं आणि टोकं भाजतात, पण तेव्हा सहसा एकापेक्षा जास्त प्लगवर खूण दिसते. प्लग तेलकट ओला निघत असेल तर रिंगा किंवा वॉल्व्हचं सील. कॉम्प्रेशन मोजून घ्या. हे माझं क्षेत्र नाही, म्हणून इथेच थांबतो.

नवा प्लग घेताना आणि बसवताना

दुकानात जाताना जुना प्लग आणि मल्टिमीटर, दोन्ही खिशात ठेवा. अंगावर कोरलेलं व्होल्टेज जुळवा. काही जुन्या गाड्यांत पुढे रेझिस्टन्स लावून कमी व्होल्टचे प्लग वापरायचे, आणि तसा प्लग बारा व्होल्टच्या गाडीत बसला तर पहिल्याच दिवशी जातो. दोन्ही प्लग शेजारी धरून दांडीची लांबी बघा. दोन मिलिमीटर जास्त लांब असला की टोक ज्वाळेच्या मधोमध येतं. मग काउंटरवरच चारही मोजा. एकदा मला एकाच खोक्यातल्या चारांत ०.६, ०.६, ०.७ आणि १.४ असे आकडे मिळाले. खोक्यावरची छपाईही जरा फिकट होती. दुकानदार म्हणाला, "शेठ, एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, "मी बघतो," आणि खोकं परत केलं. शक्यतो चारही एका मेकचे घ्या.

बॅटरीवर लाल करून बघायचा मोह होतोच. करायचंच असेल तर प्लग व्हाइसमध्ये पकडा, चष्मा घाला, बॅटरीपासून लांब उभे राहा. ठिणगी बॅटरीजवळ नको. पाच-सहा सेकंदांत टोक लाल व्हायला हवं. टोक काळंच आणि मधला भाग लाल, तर तो नको. जास्त वेळ धरलात तर चांगला प्लगही तिथेच जाळाल.

बसवण्याआधी भोक साफ करा. त्यात काजळीचा थर असतो, दांडी त्याला टेकते आणि तिची उष्णता हेडमध्ये पळते. मापाचा रीमर मिळतो. त्याला भरपूर ग्रीस लावून हाताने फिरवायचा, म्हणजे काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते. ड्रिल मशीन नको. मग पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, प्लग नसताना दोन सेकंद स्टार्टर मारा. उरलेली घाण उडून जाते. त्या वेळी बोनेटवर वाकून बघू नका.

आट्यांना तांब्याचं ग्रीस अगदी पुसट लावा, दांडीला अजिबात नाही. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क पाना. १२ मिलिमीटर आट्याला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, १० ला १५ ते २०, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल खरं. डोक्यावरच्या पट्टीची नटं तर दोन बोटांच्या जोराची. तिथे जोर केलात की आतला स्क्रू फिरतो, इन्सुलेशन चिरडतं आणि नवा प्लग पहिल्या दिवसापासून शॉर्ट. पट्टीच्या भोकांभोवतीचा हिरवा गंज पॉलिश पेपरने घासा. हेडपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची अर्थची पट्टी एकदा सोडून, घासून, परत आवळा.

एवढं झालं की विसरून जाऊ नका. हजार किलोमीटरनंतर ज्या नंबरचा त्रास होता तेवढा एकच प्लग काढून बघा. नोझल आणि वॉशर नीट केल्यावर मी तीन नंबर काढला तेव्हा टोक कोरडं, राखाडी-तपकिरी होतं, कड शाबूत होती. मीटरवर ०.६. तसाच परत बसवला आणि चिठ्ठीवर तारीख घातली.